शेवटचा कर्णा, पहिली पाळी

माणूस गेला की घरी येणारा प्रत्येक जण चहा घेतो आणि उठताना एक किस्सा ठेवून जातो. माझा दादा, शमुवेल, जाऊन महिना झाला. पिंपरीतल्या आमच्या खोलीत दोन माणसांना धड पाय पसरता येत नाहीत, पण किस्से इतके साठलेत की विचारू नका. काही कंपनीतल्या लोकांनी आणलेले, काही आमच्या ख्रिस्ती मंडळीतले, काही माझ्या डोळ्यांसमोर घडलेले. माझं शिक्षण तिसरी नापास, त्यामुळे जसे आठवतील तसे सांगतो. हसू आलं तर हसा. दादाला चाललं असतं.

फक्त एक गोष्ट आधी सांगून टाकतो. दादा गेला तेव्हा मंडळीच्या पंचांनी त्याचं प्रभुभोजन बंद केलेलं होतं. बाकी सगळ्यांना भाकर आणि प्याला, त्याला नाही. पश्चात्ताप करेपर्यंत ही शिक्षा, असं ठरलं होतं. पश्चात्तापाच्या आधी ताप आला. मग आता दादा मंडळीच्या आत का बाहेर? हे मला अजून कोणी सरळ सांगितलेलं नाही.

*

आमचं देऊळ म्हणजे पत्र्याची शेड. नगरकडून कामाला आलेली वीसेक घरं, एक बाजाची पेटी, आणि पेटीवर दादा. एका नाताळाला त्यानं कंपनीतल्या खंडूभाऊंना जेवायला बोलावलं. हे मोशीचे, घरचे शेतकरी, आणि घरी मेंढरंही. जेवणाआधी उपासना होती, म्हणून तेही येऊन बसले.

आमचे पाद्री, पाळकसाहेब, सांगत होते की शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तेव्हा मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला. सगळे माना डोलवत होते. खंडूभाऊ उभे राहिले.

"साहेब, नव्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली?"

आमच्या देवळात मधेच कोणी प्रश्न विचारत नाही. पाळकसाहेब पुस्तकाचं पान मागं उलटू लागले. तेवढ्यात पेटीमागून दादा म्हणाला, "कुत्रा होता की."

"मंग ठीक हाय," म्हणून खंडूभाऊ बसले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दादाला कोपऱ्यात घेतलं. शास्त्रात कुत्रा कुठं लिहिलाय? दादा म्हणाला, लिहिलेला नाही, पण मेंढपाळ शहाणा होता एवढं तर लिहिलंय ना? पुढच्या वर्षी तोच उपदेश निघाला, तेव्हा कुत्रा त्यांनी स्वतःच घातला!

*

दारूबंदीचे दिवस. कोणीतरी चौकीवर कळवलं की ख्रिस्ती लोक पत्र्याच्या शेडमध्ये जमून पितात. प्रभुभोजनाच्या रविवारी हवालदार आले. टोपी काढून, अगदी सभ्यपणे त्यांनी विचारलं की त्या प्याल्यात काय आहे.

"प्रभूचं रक्त," पाळकसाहेब म्हणाले.

हवालदारांनी पेन्सिल खाली केली. म्हणाले, "मग हे कलम वेगळं लागेल."

दादानं पुढं होऊन सांगितलं की साहेब, मनुका भिजवून काढलेलं पाणी आहे, मीच काढलंय, वास घ्या. त्यावर पाळकसाहेब भडकले. नुसतं पाणी कसं म्हणतोस? दादा म्हणाला, मग काय म्हणू, पोलीस विचारतायत! दोघांचं तिथंच जुंपलं. पाणी कुठवर पाणी असतं आणि रक्त कधी होतं, का नुसती आठवण असते, यावर मंडळीतले चार जणही बोलले आणि चौघांचं चार प्रकारचं निघालं. मी लहानपणापासून तो प्याला घेत आलोय. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण काय पितो ते आपल्यालाच ठाऊक नाही.

हवालदार शेवटी वैतागले. पाणी लिहिलं तर हे साहेब चिडतात, रक्त लिहिलं तर सगळ्यांना चौकीवर न्यावं लागतं. त्यांनी वहीत एकच शब्द लिहिला आणि निघून गेले. दादानं वाकून वाचला होता.

"प्रसाद."

*

आता चालीचा किस्सा. चाकणच्या बाजारात सिनेमाचा तंबू लागला होता. दादा सायकलवरून एका आठवड्यात तीनदा जाऊन आला. त्यानंतर त्यानं एक नवं भजन बसवलं. शब्द त्याचे, देवाच्या दयेबद्दलचे. चाल इतकी गोड की मार्थाबाई, ज्या कोणाच्या मयतालाही रडत नाहीत, त्या रडल्या. पाळकसाहेबांनी कौतुकानं विचारलं की ही कुठल्या जुन्या संताची चाल. दादा म्हणाला, जुनी नाही फार.

पुढच्या महिन्यात तो तंबू उठून आमच्या शेडसमोरच्या मैदानात आला. रविवारी आम्ही डोळे मिटून प्रार्थनेत, आणि समोरचा लाऊडस्पीकर सुरू झाला. तीच चाल! अर्ध्या मंडळीनं मिटल्या डोळ्यांनीच भजन धरलं. तिकडे नटी प्रियकराला बोलावतेय, इकडे आम्ही देवाला.

नेमके खंडूभाऊ दादाला भेटायला दारात आलेले. ते रागानं लाल. पाळकसाहेबांना म्हणाले, "साहेब, तुमचं भजन पिक्चरवाल्यांनी चोरलं की. सोडू नका त्यान्ला."

पाळकसाहेब खात्री करायला तंबूत गेले. मंडळीतल्या तिघांनी त्यांना आत जाताना पाहिलं. चौकशी इंटरव्हलच्या पुढेही चालली म्हणतात. दुसऱ्या दिवशी दादाकडून पेटीची किल्ली काढून घेतली.

दादाला फार लागलं ते. मला म्हणाला, "बाबू, चाल कुणाची का असेना. देवाला हाक ऐकू गेली असेल का नाही, एवढंच मला सांग." मला काय सांगता येणार? अजूनही येत नाही.

*

प्रभुभोजन बंद झालं ते मात्र कंपनीच्या भोंग्यावरून.

पाळकसाहेब शेवटच्या दिवसाबद्दल सांगत होते. मोठा कर्णा वाजेल आणि कबरेतली माणसं उठून उभी राहतील. आता किल्ली नसल्यामुळे दादा सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसलेला. त्यानं हात वर केला. "साहेब, कुठल्या पाळीला?"

शेड खदखदून हसली. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. पंच बसले आणि पुनरुत्थानाची थट्टा केली म्हणून शिक्षा झाली.

पण दादा थट्टा करत नव्हता. देवाशप्पथ नव्हता. घरी येताना मला म्हणाला, "कर्णा मी कधी पाहिलेला नाही. भोंगा रोज ऐकतो. मेल्यासारखी झोपलेली माणसं एका आवाजात उठून चालायला लागतात, हे मी रोज सकाळी सातला बघतो. म्हणून तर माझा विश्वास बसतो ना." मी म्हटलं, मग हेच पंचांना सांग. तो म्हणाला, "सांगितलं. ते आणखी चिडले."

अकरा दिवसांच्या तापात तो गेला.

मी तसाच पाळकसाहेबांच्या दारात गेलो. पायात चप्पल नव्हती. विचारलं, तुम्ही त्याला पुरणार का नाही? दादा आत आहे का बाहेर? ते म्हणाले, पंचांशी बोलावं लागेल. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "वर देवाकडे पण पंच बसलेत का?" दाराशेजारची कुंडी लाथेनं फोडली. त्यांच्या बायकोनं लावलेली तुळस होती तिच्यात. पाद्र्याच्या दारात तुळस का होती, तेही मला कळलं नाही. ते आत जाऊन झगा चढवून आले.

*

दफन गावाबाहेरच्या माळावर. पंचांपैकी कोणी आलं नाही. कंपनीची माणसं मात्र पुष्कळ. खंडूभाऊंनी रजा टाकलेली. दुसऱ्या पाळीचे लोक डबे घेऊन आलेले, तिथूनच कामावर जायला.

शवपेटी खाली सोडली. पाळकसाहेब वाचत वाचत कर्ण्यापाशी आले, आणि तीनचा भोंगा झाला.

डबेवाले सवयीनं वळले आणि पुन्हा थांबले, कारण पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं होतं. ते खड्ड्यात बघत होते. भोंगा थांबला तरी बघत होते. म्हणाले, "जरा थांबू या."

सगळे थांबले. मीही बघत होतो. माती हातात तशीच.

बऱ्याच वेळानं खंडूभाऊ हळूच म्हणाले, "साहेब, ही दुसरी पाळी. शामूभाऊची पहिली व्हती."

"हो का?" पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, आणि आम्ही माती टाकली.

दुसऱ्या दिवशी मला घरात राहवेना. सातच्या भोंग्याच्या आधी मी माळावर पोहोचलो.

पाळकसाहेब येऊन बसले होते.