उतारावरचा अर्धा नियम

मी नांदेडला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. गतीचा पहिला नियम आला की अजूनही हातातला खडू थांबतो. हा नियम मी सगळ्यात आधी घरी शिकवला, माझ्या दादाला. तोही अर्धाच.

दादा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. मागं दोन ट्रॉल्या, काठाच्या वर ऊस. ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, सगळं ओझं पुढच्या ट्रॅक्टरनंच आवरायचं. उमरीकडच्या आमच्या गावाहून कारखान्याला जाताना नाल्याच्या पुलाकडं एक लांब उतार लागतो.

कॉलेजात असताना मी एका दिवाळीला घरी आले. जेवताना दादानं विचारलं, "बाई, उतारावर न्यूट्रल केलं तं डिझेल वाचंल का?"

मी मोठी शहाणी! म्हणाले, "वाचेल की. चालती वस्तू चालतच राहते. उतारावर इंजिनाला कामच काय?"

"हाव, बराबर हाय," तो म्हणाला आणि आईकडं बघून हसला. "बघ, शिकून राहिली पोरगी!"

बाहेरून बल लागल्याशिवाय ती वस्तू थांबत नाही, वजन जितकं जास्त तितकं थांबवणं अवघड, आणि उतारावर ते रोखणारं बल गिअरातलं इंजिनच लावतं, हे मी सांगितलंच नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. त्या हंगामापासून तो उतारावर गिअर काढायला लागला. फोनवर कौतुकानं सांगायचा. मला बरं वाटायचं. मेलं ते बरं वाटणं!

संक्रांतीला गावी आले तेव्हा हौसेनं त्याच्याबरोबर निघाले, मडगार्डवर बसून. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. उताराच्या तोंडाशी त्यानं गिअर काढला. इंजिनाचा आवाज एकदम बसला आणि मागच्या ट्रॉल्यांचा खडखडाट ऐकू यायला लागला. आधी हळू, मग दर क्षणाला जास्त. मी मडगार्डची कड घट्ट धरली. वेग वाढायचा थांबत नव्हता, आणि का थांबत नव्हता हे त्या रस्त्यावर फक्त मला कळत होतं.

"दादा, गिअर टाक!"

"पडंना झालाय."

त्यानं ब्रेकवर सगळा जोर दिला. मागून उसानं असा रेटा दिला की ट्रॅक्टर तिरपा झाला. खाली पुलावर एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. तिनं मागं वळून पाहिलंही नाही.

"उडी मार, बाई!"

माझा हात सुटेना. शेवटी त्यानंच मला ढकललं आणि स्टेअरिंग शेताकडं फिरवलं. मी नांगरलेल्या ढेकळांत पडले. उठून पाहिलं तर ट्रॅक्टर आडवा झाला होता, वर ऊस सांडला होता, आणि दादाचा उजवा पाय ट्रॅक्टरखाली होता.

म्हातारी वाचली, शेळ्या वाचल्या. दादा वाचला. पाय राहिला नाही.

नांदेडच्या दवाखान्यात मी त्याच्या उशाशी रडत होते. कशासाठी रडते, हे तोंडातून निघत नव्हतं. त्यानं डोळे उघडले, माझा हात धरला.

"रडू नको गं. तुझा नियम लई खरा हाय," तो म्हणाला. "ट्रॉल्या थांबल्याच न्हाईत."

त्याच्या आवाजात राग नव्हता. बहीण हुशार निघाली याचा अभिमानच होता.