रिकामी बस
थंडीचे कपडे काढताना आवडत्या फुटबॉल टीमचा लाल मफलर हाती लागला आणि परदेशात शिकत असतानाचा एक शनिवार आठवला. मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून परगावच्या फुटबॉल मॅचला चाहत्यांनी स्वतःच्या गाडीने न येता पोलिसांनी ठरवलेल्या बसनेच यावं, असा नियम निघाला होता. "आपण काय क्रिमिनल आहोत का यार? कोणीच जायचं नाही," असं माझा नागपूरचा मित्र म्हणाला आणि आमच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी होकार दिला, मीही. पण शनिवारी खोलीत एकटं बसवेना, म्हणून मी गुपचूप गेलो. अख्ख्या बसमध्ये मी एकटाच होतो. स्टेडियममध्ये आमचा गोल झाला तेव्हा ओरडत उठलो, मिठी मारायला शेजारी कोणी नव्हतं, तसाच खाली बसलो. नंतर मित्राने कितीदा बोलावलं, मी लॅबचं काम सांगत राहिलो. त्याला काही कळलं नव्हतं, तरी अजून त्याला फोन करायचा धीर होत नाही.