खांद्याचं म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

बावन्नाव्या वर्षी मी स्तन वर उचलून घेण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि नवरा सोडून सगळ्यांना खांद्याची सांगितली. यातल्या पहिल्या गोष्टीचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

रक्तातली साखर वाढल्यावर मी दोन वर्षं चालून, पोहून वजन उतरवलं. वजन गेलं, कातडी राहिली. उन्हाळ्यात स्तनांखालची घडी खाजायची, आणि आरशात दिसायचं ते मला आवडत नव्हतं. या दोनांतलं खरं कारण दुसरं होतं. पहिलं नवऱ्याला सांगायला बरं पडलं.

पहिल्या दवाखान्याच्या दारात कारंजं होतं. तिथल्या मुलीने हसून सांगितलं, "मॅडम, तुमचा कॉन्फिडन्स परत मिळेल."

"तो गेला असता तर मी इथवर आले असते का?" मी म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दवाखान्यात कारंजं नव्हतं, पंखा होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर एक वर्तुळ काढलं, त्याखाली उभी रेघ आणि तळाशी आडवी. "हे व्रण राहणार. फिके होतील, पुसले जाणार नाहीत. आकार वाढणार नाही, फक्त जागा बदलेल. स्तनाग्रांची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची. आणि वजन पुन्हा वाढवलंत तर माझी मेहनत वाया. पुढे मूल हवं असेल तर मी थांबायला सांगते. तुमचा विचार आहे?"

"मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. पुरे झालं."

त्यांनी आधी मॅमोग्राफी करायला लावली. ऑपरेशनच्या सकाळी मला उभं करून पेनाने खुणा केल्या, कारण आडवं झालं की सगळं सरकतं. मी ताठ उभी राहिले.

"छाती काढू नका. पोटही सोडा. रोज उभ्या राहता तशा राहा."

माझ्यासारख्या, दुसऱ्यांच्या थाटाला हसणाऱ्या बाईने निमूटपणे पोट सोडलं.

घरी पाठवताना त्यांनी बजावलं, काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. टाके ओढले गेले तर व्रण रुंद होतील. मला भीती होती ती तेवढीच. व्रण मी कबूल केले होते, पण बारीक. हातांचा हा नियम माझ्या थापेला अगदी शोभून दिसत होता. पाचव्या दिवशी खडकवासल्याहून मोठ्या जाऊबाई आल्या, सोबत त्यांची भाची. भाची फिजिओथेरपिस्ट.

"खांदा धरून बसलीस तर आखडेल," जाऊबाई म्हणाल्या. "ही मोफत बघणार आहे. कर गं सुरू."

भाचीने माझं मनगट धरलं. "काकू, सैल सोडा. हळूच वर नेते."

"अहो वहिनी, थांबवा तिला! खांद्याला काही झालेलं नाही. स्तनांचं ऑपरेशन आहे."

मनगट सुटलं. जाऊबाईंचा चेहरा उतरला. "गाठ?"

"गाठ नाही. ओघळले होते, वर घेतले."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

भाची चहाच्या कपात बघत राहिली.

"मी सगळ्या सोसायटीत खांदा सांगून आलेय," जाऊबाई शेवटी म्हणाल्या. "आता काय सांगू?"

"खरं सांगा."

"तेच सांगणार. तुझ्यासाठी मी कशाला खोटं बोलू?" मग माझ्या डोक्याकडे बघून, "केस किती दिवस धुतले नाहीस? हात वर जात नाहीत तर सांगायचं. ऊठ."

न्हाणीघरात स्टुलावर बसवून त्यांनी माझं डोकं मागे धरलं आणि भांडी घासावीत तसे केस धुतले.

दोन दिवसांनी त्यांच्या सोसायटीतल्या दोघी भेटायला आल्या. खांद्याकडे एकीनेही पाहिलं नाही.

डॉक्टरांनी हात मोकळे करेपर्यंत दर चार दिवसांनी जाऊबाई येत राहिल्या, टोमणे मारत आणि केस धुवून देत. एकही टाका ओढला गेला नाही. व्रण बारीक आहेत.