शबानाआपा आणि हर्सूलच्या टाचण्या

शबानाआपा गेली.

सकाळी तिच्याच नंबरवरून कॉल आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी "बोल आपा" म्हणाले. पलीकडं तिची मुलगी रडत होती.

चिकलठाण्याच्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. ती सायन्स, मी मराठी.

रविवारी ती मला स्कूटीवर मागं बसवून हर्सूलच्या तलावावर न्यायची. पाण्यावर भिरभिरणारे चतुर बघायला.

मला सगळे सारखेच दिसायचे.

"अगं, नीट बघ ना. पंख पसरून बसला तो चतुर. पंख मिटून, अंगाला लावून बसली ती टाचणी. टाचणीचे डोळे दोन बाजूंना, लांब लांब. लई सोपंय!"

माझा घटस्फोट झाला त्या वर्षी मी घराबाहेर पडत नव्हते. तरी आपा यायची. तिनं कधी काही विचारलं नाही. नुसतं म्हणायची, "चल, पाण्यावर ऊन आलंय."

मग तिला कॅन्सर झाला.

गेल्या महिन्यात म्हणाली, "सुनी, मला एकदा तलावावर ने."

नेलं. पण काठापर्यंत उतरायची ताकद तिच्यात नव्हती. कारमध्येच बसली.

"तू जा खाली. फोन चालू ठेव."

मी गवतात जाऊन बसले.

"काय दिसतंय?"

"एक टाचणी. एवढीशी."

"टाचणीच कशावरून?"

"पंख मिटलेत. डोळे लांब लांब."

"शाब्बास. रंग?"

"पोट पिवळं... नाय, केशरीच. शेपटीच्या टोकाला निळं."

फोनमध्ये कारची काच खाली गेल्याचा आवाज आला.

"आपा?"

"गोल्डन डार्टलेट. नर आहे तो. हलू नको सुनी. बघत राहा. माझ्या वाटचं पण बघ."

फोटो काढायचा तर फोन कानापासून दूर करावा लागला असता. नाही काढला. तिचा श्वास ऐकू येत होता.

वर आले तेव्हा ती सीटवर डोळे मिटून हसत होती. "दिसली मला," म्हणाली.

आज दुपारी सिल्लोडला, तिच्या गावी, तिचा दफनविधी झाला. पुरुष कब्रस्तानात गेले, मी तिथल्या घरी तिच्या मुलीचा हात धरून बसले.

परत येताना फुलंब्रीच्या पुढं एका शेतात पाणी साचलेलं दिसलं. वर चतुरच चतुर. गाडी थांबवली.

एकेक ओळखू येत होता गं. तू सांगितलेल्या नावासकट.

सांगू कुणाला?

जा आपा, सुखानं जा. मला तू अजून हवी होतीस.