ते डोळे रिकामे नाहीत

तुमच्या आईचा चेहरा दाखवून कुणी म्हणालं, ‘गरिबी अशी टिपायची’, तर तुम्ही त्या वर्गात गप्प बसाल?

तेलंगणातल्या नार्नूरच्या बाजारात आमचं भाजीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नव्हतं. कानात इअरफोन घालून मी फोनवर फोटोग्राफीचा वर्ग ऐकत होते. सरांनी एक फोटो लावला. वांग्याच्या वाफ्यात उभी बाई. विटकी साडी. अर्ध्या तोंडावर ऊन.

“हे डोळे बघा,” सर म्हणाले. “रिकामे. आत काहीच नाही. मला हेच हवं होतं.”

ती माझी आई. गयाबाई.

फोटोग्राफी मी फोनवरच शिकत आले. सावली तेलुगू व्हिडिओंतून कळली, चौकट हिंदीतून. आवडलेले फोटो साठवायचे, पुन्हापुन्हा बघायचे, तसा उजेड आमच्या शेतात शोधायचा. मराठीत शिकवणारं मात्र मनासारखं कुणी मिळत नव्हतं. हे सर सापडले तेव्हा केवढी हरखले होते! आपली भाषा! आणि आपल्याच भाषेत हे ऐकलं.

मी माइक सुरू केला. “सर, ही माझी आई आहे.”

सर हसले. “अरे वा! मग पुढच्या वेळी गावात आपली सोय झाली.” बाकीचेही हसले. “पण आई म्हणून बघू नकोस. फ्रेम म्हणून बघ.”

मी माइक बंद केला.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवला. ती बघतच राहिली.

“थो फोटोवाला वावरात आला तवा मी चांगली साडी नेसली होती व. थो म्हणे, मावशी, जुनीच नेसा. मी हासून राह्यली होती. थो म्हणे, हासू नका, काही दुखाचं आठवा.” तिनं फोटोतल्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. “मंग मी तुह्या बापाले आठवलं.”

त्या डोळ्यांत माझे बाबा होते. गेलेले. आणि सरांना तिथं काहीच दिसलं नव्हतं.

“काय म्हणे थो, माह्या फोटोले?”

“चांगला आहे म्हणे.”

“मंग रडून काऊन राह्यली, माय?”

पुढच्या वर्गात मी आधी बोलले. “सर, तो फोटो काढून टाका.”

“तुझ्या आईनं परवानगी दिली होती.”

“फोटो काढायला दिली होती. रिकामी म्हणायला नाही. तिचं नाव गयाबाई. तुम्ही विचारलं नव्हतं.”

मला वर्गातून काढलं. फोटो सरांच्या ऑनलाइन पानावर अजून तसाच आहे. खाली लोक लिहितात, किती खोल! किती खरं! त्यात मी आईचं नाव लिहिते. ते पुसतात. मी पुन्हा लिहिते. लिहीत राहणार.

कॅमेरा मी सोडणार नाही. पण कुणाचं हसू पुसून मला फोटो नको. असल्या गुरूचं शिक्षणही नको. मला जेवढं येतं तेवढं मी आमच्याकडच्या पोरींना मराठीत शिकवीन. पहिला धडा एवढाच, आधी नाव विचार.

तुम्हीही प्रेरणा शोधत फोनवर चेहरे साठवत असाल. आज ते उघडा. ज्याच्याखाली नाव नाही, त्या फोटोखाली लिहून विचारा: हे माणूस कोण? त्यानं हा फोटो पाहिला आहे का? उत्तर आलं नाही, तर तो फोटो पुढं पाठवू नका.