गेलेले धरून मामा किती?

"मामा किती रे तुला?"

ताप कधीपासून, खोकला कसला, हे सगळं नंतर. मंगळवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरीणबाई समोर बसवलेल्या पोराला पहिल्यांदा हेच विचारायच्या. पोरगं खुशीत बोटं मोजायला लागायचं. ते मोजत असताना बाई त्याच्या डोक्यावरून आईकडे बघायच्या आणि आवाज खाली आणून म्हणायच्या, "आता तू सांग. एका पोटचे. गेलेले धरून."

त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. पेठेपासून खेड्यापाड्यांपर्यंत त्या 'मामावाल्या बाई' होत्या. घोड्यांना नाल ठोकणाऱ्या मुसलमान कारागिराची ही मुलगी मुंबईला जाऊन लहान मुलांची डॉक्टर झाली आणि सरळ आपल्या गल्लीत परत आली. उंच, हाडापेराने दणकट, मनगटावर वडिलांचं भलं मोठं घड्याळ. बोलणं अस्सल इथलं. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखं त्याही 'मी येतो', 'मी बघतो' असंच म्हणायच्या.

त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आणि खाली माझ्या वडिलांचा छापखाना. वडील कामगारांची, बुवाबाजीविरुद्धची, पाणीपट्टीविरुद्धची पत्रकं छापत. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरची, उलटी. दुपारी यंत्र धडधडायला लागलं की बाई जिन्यातून ओरडायच्या, "अहो, तुमची क्रांती जरा थांबवा की! वर पोरं झोपल्यात!" वडील यंत्र थांबवायचे. त्यांनी ते दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून थांबवल्याचं मला आठवत नाही.

मी बाईंची पेशंट. आठव्या वर्षी माझे गुडघे सुजायला लागले. सकाळी उठल्यावर ते लाकडासारखे ताठ व्हायचे, दुपारपर्यंत जरा सैलावायचे. कुणी संधिवात म्हणालं, कुणी नजर म्हणालं. बाईंनी माझे गुडघे दोन्ही हातांत धरले आणि मला सांगितलं, आईला नाही, मला. "तालमीतले पैलवान कशाला असत्यात? चोर आला तर धरायला. तुझ्या अंगातल्या पैलवानांची डोकी फिरल्यात. चोर न्हाय काय न्हाय, घरच्याच माणसाला हाणाय लागल्यात."

"का फिरली?"

"ठाऊक न्हाय."

हे 'ठाऊक न्हाय' त्या चारचौघांत, मोठ्याने म्हणायच्या. आमच्या घरी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एका पानात मिळायचं, खाली छापखान्याच्या पत्त्यासकट. मोठ्या माणसालाही काही ठाऊक नसतं हे मला पहिल्यांदा तिथे कळलं, आणि नवल म्हणजे त्याची भीती वाटली नाही. कारण पुढच्याच दमात त्या म्हणाल्या, "ठाऊक न्हाय, पर तुला वाकडी होऊ देत न्हाय." मग ॲस्पिरिनच्या गोळ्या आल्या, गरम पाण्याचा शेक आला, रडत रडत करायचे व्यायाम आले. दर खेपेला विचारायच्या, "कानात घंटा वाजती का गं?" वाजते म्हटलं की गोळी कमी करायच्या. मी आज जिना सरळ चढते ती त्यांच्यामुळे.

त्या 'ठाऊक न्हाय'च्या मागे बाईंनी उभा जन्म घालवला. एकीकडे माझ्यासारखी मुलं, ज्यांचे राखणदार त्यांच्यावरच उलटतात. दुसरीकडे ज्यांच्या अंगात राखणदारच जन्माला येत नाहीत अशी मुलं. ती एका आजारातून उठतात, दुसऱ्यात पडतात, आणि एक दिवस उठत नाहीत. त्यांत असे मुलगे होते की ज्यांचे मामाही तसेच लहानपणी गेले होते. म्हणून तो प्रश्न. आजार आईच्या अंगातून येतो, आईला काही होत नाही, मुलींनाही होत नाही, मुलगे मात्र जातात, हे पुस्तकांत आलं होतं. आपल्या जिल्ह्यात अशी घरं किती, ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

रविवारी बाई एसटीने ती घरं शोधत जायच्या. कॉलेजात गेल्यावर मीही हट्टाने बरोबर जाऊ लागले. त्यांच्या पिशवीत सुपाऱ्या आणि काकणं असायची. घरातल्या बायकांना जमिनीवर बसवून त्या म्हणायच्या, "मांडा तुमचं घराणं." मुलगा म्हणजे सुपारी, मुलगी म्हणजे काकण. मुलगा गेलेला असेल तर अडकित्त्याने कातरलेली अर्धी सुपारी. पहिल्यांदा त्या फुटक्या काकणांचे तुकडे घेऊन गेल्या होत्या, तर बायका पदर सावरून उठूनच गेल्या. फुटकं काकण कोण हातात धरणार? तेव्हापासून लहान मुलींची अख्खी काकणं आली.

तरीही मांडणी चुकायची, आणि ती आमच्याच रीतीमुळे. चुलत, मावस सगळेच मामा, म्हणून मामांची गर्दी व्हायची. आणि बारशाच्या आधी गेलेलं मूल बायका मोजतच नाहीत. ज्याला नाव नाही ते झालंच नाही. "पाळण्यात न घातलेलं बी मांड बाई," असं बाईंनी म्हटलं की एखादी सुपारी हातात धरून बसायची, मग ती स्वतःच अडकित्ता मागायची. बाई घाई करत नसत. त्या वेळी त्या चष्मा पुसायच्या.

एका सकाळी कुरुंदवाडकडची हौसाक्का तीन वर्षांच्या पोराला घेऊन आली. बरोबर तिचा सासरा, कानाच्या पाळ्या चेपलेला जुना पैलवान. पोराचा कान वाहत होता, छाती घरघरत होती, नजर लागू नये म्हणून मुलीसारखी नाकात वाळी होती.

"नाव?"

"दगडू."

बाईंनी मान वर केली. आधीची मुलं गेली की पुढच्याला दगडू, धोंडू असलं नाव ठेवतात, मृत्यूने नजर टाकू नये म्हणून. त्यामुळे हे नाव ऐकलं की बाईंना अर्धी हकिगत कळायची. "ह्याच्या आधी कोण हुतं?" हौसाक्काने खाली बघत सांगितलं. थोरली मुलगी मंगल धडधाकट होती; मधले मुलगे गेले होते.

"मामा किती ह्याला? गेलेले धरून?"

"एक बी ऱ्हायला न्हाय, बाई."

बाईंनी दगडूच्या घशात बॅटरी धरली आणि मला हाक मारली. "पोरी, बघ. काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर. दोन्ही बाजूला टॉन्सिलच्या गाठी दिसाय पायजेत. हितं मोकळं मैदान हाय."

रक्त काढलं. त्यावर सुटलेला, दह्याच्या पाण्यासारखा फिकट पिवळा भाग थर्मासमध्ये बर्फावर ठेवून मुंबईला गेला. तिकडून कागदाची पट्टी आली. रक्तातल्या प्रथिनांचे डाग एकापुढे एक असतात; राखणदारांचा शेवटचा डाग तिथे नव्हताच.

दरम्यान पैलवानाने जिन्यातच माझ्या वडिलांना सांगून टाकलं, "सुनंला म्हायारी घालवतो. पोराला दुसरी सोयरीक बघितलीया. हिच्या पोटाला यशच न्हाय." वडिलांनी त्याला स्त्री-पुरुष समतेचं पत्रक दिलं. पैलवानाने ते घडी घालून मुंडाशात खोवलं.

पुढच्या रविवारी आम्ही हौसाक्काला घेऊन आजऱ्याजवळच्या तिच्या माहेरी गेलो. तिच्या म्हाताऱ्या आईने सुपाऱ्या मांडल्या. काकणांची एक ओळ उतरत गेली आणि जवळजवळ प्रत्येक काकणाखाली अर्धी सुपारी आली. म्हातारी मांडता मांडता थांबली. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हंजे आमच्या काकणांतनं आलं हे?"

मला वाटलं, बाई आता खोटं बोलतील. त्या म्हणाल्या, "व्हय." मग म्हातारीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पर काकणाला कुठं ठावं हुतं, आये? त्यानं काय केलं त्यात?" हौसाक्का भिंतीकडे तोंड करून रडली. बाई तिच्याशेजारी तशाच बसून राहिल्या, परतीची एसटी चुकली तरी.

मी पेटून परत आले. 'शाप नव्हे, रोग!' असं पत्रक लिहिलं, त्यात सगळं शास्त्र घातलं. वडील खिळे जुळवायला बसले. बाईंनी मजकूर वाचला आणि एक ओळ खोडली. हा रोग आईकडून येतो, ती ओळ.

"पण ते खरं आहे!" मी ओरडले.

"खरंच हाय. गावात तुझं पत्रक पहिल्यांदा कोण वाचणार? सासरा. मग नवरा. मग देवळातली माणसं. सगळ्यात शेवटी सून, तेबी कुणी वाचून दावलं तर. हे उलटं वाचाय लाव, पहिल्यांदा तिनं, मग सासऱ्यानं. जमंल त्या दिवशी छाप."

अर्धवट सत्य छापायचं नाही, असं मी बाणेदारपणे सांगितलं. पत्रक निघालंच नाही. कितीतरी दिवस मी जिना चढले नाही. बाई येता-जाता छापखान्यात डोकावून विचारायच्या, "क्रांती रुसली का अजून?"

शेवटी मी वर गेले त्या दिवशी पैलवान बाईंसमोर बसला होता. विचारत होता, "बाई, खरं सांगा. हे आलं कुणाकडनं?"

"खरं काय ते तुमच्या सुनंला सांगितलंय. तुम्हाला सांगायचं का न्हाय ते तिचं ती बघंल. मी तुम्हाला सांगतो ते ऐका. ह्याच्या रगतात जे न्हाय ते तुमच्या रगतात हाय. दर महिन्याला कुणीतरी द्याय पायजे. देणार का?"

पैलवान दचकला. "रगत दिलं की माणूस वाळतंय म्हणत्यात."

"व्हय? मग मी वाळतो." बाईंचा रक्तगट जुळत होता. त्या सरकारी दवाखान्यात जाऊन त्याच्या डोळ्यांदेखत आडव्या झाल्या, रक्त दिलं, उठून चहा प्यायल्या आणि परत पेशंट बघायला आल्या. त्या रक्तातलं वरचं पिवळं पाणी दगडूला चढवलं. दगडूचा कान वाहायचा थांबला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा पोटभर भाकरी मागितली.

पुढच्या महिन्यात पैलवान जिन्यातूनच गरजला, "आमच्या घरात एवढं पुरुष असताना पोराला बाईमाणसाचं रगत? लोक काय म्हणतील?" आणि त्याने बाही वर केली. मागोमाग दगडूचा बाप, मग काका. घरात पाळ्याच लागल्या. दुसरी सोयरीक घेऊन पाहुणे आले, तेव्हा पैलवानाने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "पोरगं माझ्या रगतावर चालतंय. त्याची आई कुठं जाती?"

हौसाक्काने खरी गोष्ट सासऱ्याला आपण होऊन सांगितली, पण कितीतरी वर्षांनी. तो म्हणाला, "ठावं हाय गं. मी काय खुळा हाय? च्या ठेव."

बाई आता नाहीत. फुप्फुसाच्या दुखण्याने गेल्या. शेवटच्या दिवसांतही नर्सला मामा किती ते विचारत होत्या. त्यांनी खोडलेली ती ओळ आज मी इथे छापते आहे. छापण्याआधी हा सगळा मजकूर कुरुंदवाडला जाऊन हौसाक्काला वाचून दाखवला. मग तिच्या सांगण्यावरून पैलवानाला, मोठ्याने, कारण त्याला आता नीट ऐकू येत नाही. हौसाक्का म्हणाली, "छाप. पर त्यात मंगलच्या पोराचं घाल."

ते घालते.

बाईंनी दवाखाना बंद करायला काढला होता तेव्हाची गोष्ट. मंगल आपल्या चालत्या-पडत्या मुलाला घेऊन आली. लग्नाआधीच बाईंनी तिला जवळ बसवून सुपाऱ्या मांडून दाखवल्या होत्या. तिच्या काकणात काय असू शकतं ते तिला ठाऊक होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मागे हौसाक्का होती आणि तिच्या मागे मिसरूड फुटू लागलेला, किडकिडीत, खोकणारा दगडू, भाच्याची बाटली घेऊन.

बाईंनी बॅटरी मला धरायला लावली. पोरगं आ करेना, मग त्याला रडवलं. बाई वाकून बघत राहिल्या.

"हायत की!" बाई ओरडल्या. "दोन्ही बाजूला हायत! बघ पोरी, कशा टपोऱ्या गाठी हायत!" तरी रक्त मुंबईला पाठवायचंच, असं बजावून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. मंगल हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

मग बाईंनी त्या पोराची हनुवटी धरली. त्याला अजून बोलता येत नव्हतं, तरी विचारलं, "मामा किती रे तुला?"

दगडू बाटली सावरत पुढे झाला.

"एक," तो म्हणाला. "ह्यो काय, हाय की."