रानमामांची टोपली

रानशाळेत नवा माणूस आला की रानमामा त्याला पहिल्या दिवशी ना विस्तव पेटवायला शिकवीत, ना पाणी शोधायला. त्याच्या हातात फावडं देत आणि म्हणत, "आधी परसाकडेची जागा खण. मग चूल. मग तुझा तो पराक्रम." एकदा जंगलखात्याचा एक साहेब शाळा बघायला आला होता. त्यालाही फावडं मिळालं. साहेब लालेलाल झाला, पण खणलं बापड्याने. संध्याकाळी मामा मला म्हणाले, "तुळसे, माणूस चांगला आहे गं. खड्डा सरळ खणला."

शाळा म्हणजे काय, तिरुविसनल्लूरच्या पुढे कोळ्ळिडम नदीच्या काठचं वेळूचं आणि बाभळीचं रान, आणि त्यात माडाच्या झापांच्या चार झोपड्या. जंगलखात्यात नवे लागलेले शिपाई, मोजणीखात्यातली माणसं, सुटीत कॉलेजातले चार उत्साही, असे येऊन पंधरा दिवस राहायचे. काडीपेटीवाचून आग, वाळूत खणून पाणी, पावलांवरून जनावर ओळखणं, कुठला पाला खायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे मामा शिकवीत. त्यांचे आजोबा तंजावरच्या महाराजांच्या शिकारखान्यात होते. राज्य खालसा झालं, शिकारखाना मोडला, जनावरं आणि सामान लिलावात गेलं. आजोबांच्या डोक्यात होतं ते तेवढं लिलावात निघालं नाही, ते नातवापर्यंत आलं.

मी तिथे कशी पोचले, तेही सांगून टाकते. नवरा गेल्यावर मी मेलकावेरीला भावाच्या घरी चुलीपुढे बसून होते. सहा वर्षं. मामा माझ्या आईच्या लांबच्या नात्यातले. एक दिवस आले, माझ्या हातचं सार प्यायले आणि भावाला म्हणाले, "हिला माझ्या रानात स्वयंपाकाला धाड." भाऊ दचकला. "लोक काय म्हणतील, मामा?" मामांनी पेला खाली ठेवला. "लोक रानात येत नाहीत." झालं. दुसऱ्या आठवड्यात मी बैलगाडीत बसले. पहिली दोन वर्षं पगारावर होते, पुढे शाळेची ओढाताण झाली तेव्हा मीच म्हटलं की पगार नको, दोन वेळचं जेवण पुरे. खरं तर मला त्यांनीच पगार मागितला असता तरी मी दिला असता, इतकं मोकळं मला जन्मात कुठे वाटलं नव्हतं. मामांनी माझ्या डोक्यावरच्या पदराकडे कधी पाहिलं नाही. हातात कोयता दिला आणि म्हणाले, "वेळू तोडताना खालून वर. नाहीतर पाय जाईल."

कंद ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कंद उकरायचा, अंगठ्याच्या नखाने खरवडायचा आणि नाकाशी न्यायचा. "कंद तोंडाने बोलत नाही, सालीने बोलतो," म्हणायचे. पण त्याच नाकात दिवसभर तपकीर! मी चिडवायची, "मामा, तुमच्या नाकाला आता फक्त तपकिरीचाच वास येत असेल." ते म्हणायचे, "तुझी जीभ तेवढी शाबूत आहे म्हणोन माझं नाक काढतेस." आमची तंजावरकडची मराठी अशीच, जुन्या वळणाची. एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ शाळेत आले होते, मामांचं बोलणं ऐकून त्यांना हसू आवरेना. मामांनी त्यांच्याही हातात फावडं दिलं.

शाळेचा एकच कायदा होता. कुणालाही, कशाचीही शंका आली की "निल्लु!" म्हणून ओरडायचं. निल्लु म्हणजे थांब. ओरडणारा काल आलेला असो, समोर खुद्द मामा असोत, सगळ्यांनी हातातलं सोडून थांबायचं. शंका खोटी निघाली तर कुणी हसायचं नाही. "मनात ठेवलेली शंका म्हणजे पायाखालचा साप," असं ते प्रत्येक नव्या तुकडीला बजावत. मीही ते शंभरदा ऐकलं होतं. तांदूळ निवडता निवडता ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. एका सकाळी मला विचारलं, "तो कोण गं उभा? अजून दात घासले नाहीत त्याने?" दोरीवर वाळत घातलेलं वेष्टी होतं ते, त्यांचंच धोतर. मी हसले. तेही हसले, पण जरा उशिरा. मग मी लक्ष ठेवायला लागले. पायवाट त्यांना पायांनी पाठ होती, झाडं हातांनी पाठ होती, म्हणून कुणाला काही कळत नव्हतं. चार दिवसांनी ते आपणहून चुलीपाशी येऊन बसले.

"तुळसे, तुला कळलंय."

"हो मामा."

"डाव्यात काही नाही. उजव्यात नुसतं धुकं. वैद्य म्हणतो, नजर आता मागे येणार नाही." चाचपून चुलीतलं लाकूड आत सारलं. "कोणास सांगू नकोस. आंधळ्याकडे माणसं कोण धाडील? ही शाळा गेली तर मी काय करू? तंजावरला पुतणीच्या ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला राखू?"

त्यांचा आवाज कधी असा ऐकला नव्हता. मी वचन दिलं. तेव्हा काही मागितलं असतं तरी दिलं असतं.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. मामा कंदांची टोपली चुलीपाशी ठेवून गेले, मी धुवायला घेतली आणि हातातला तांब्या खाली ठेवला. त्यात दोन कळलावीचे कंद होते. कळलावीला ज्वाळेसारखी फुलं असतात, तोवर कुणीही ओळखेल. वेल वाळून गेली की जमिनीत कंद तेवढा उरतो, गुळगुळीत, दोन फाटे फुटलेला. एक शिजवून खाल्ला तर धडधाकट माणूस दगावतो. हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच. ओरडायला तोंड उघडलं होतं मी. पण समोर अंगणात ते नव्या तुकडीला काहीतरी सांगत होते, सगळे हसत होते, आणि मला वाटलं, जाऊ दे, कुणी खाल्लं तर नाही ना? मी कंद पदराखाली घेतले आणि वेळूच्या मागे खोल पुरले. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा एक निघाला. तोही पुरला. म्हटलं, मी आहे ना. टोपली माझ्याच हातून जाते. मूर्ख बाई!

मग आईचं श्राद्ध आलं. मी एका दिवसाकरता मेलकावेरीला गेले. जाताना टोपलीबद्दल कुणाला काय सांगणार? वचन होतं ना माझं! दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत परतले. गाडीतून उतरले तर चुलीवर हंडा रटरटत होता आणि मोजणीखात्यातला एक जाडजूड शिपाई मोठ्या हौसेने पळी फिरवत होता. पानं मांडलेली होती. चुलीशेजारी सालींचा ढीग होता. मी सहज खाली पाहिलं, आणि त्या ढिगात ती गुळगुळीत, फाट्याच्या बेचक्यातली साल.

"निल्लु!" मी अशी ओरडले की वेळूतले बगळे उडाले. वाट बघत बसले नाही. लाथेने हंडा पाडला. डावा पाय घोट्यापर्यंत भाजला, ते मला नंतर कळलं.

मामा हात पुढे धरून झोपडीतून आले. "कोण ओरडलं? काय आहे?"

"कळलावी आहे, मामा."

"कोठे? माझ्या टोपलीत?"

मी साल त्यांच्या हातात दिली. त्यांनी नखाने खरवडली, नाकाशी नेली, पुन्हा खरवडली. अठरा माणसं उभी होती, कुणी हलत नव्हतं. मग त्यांनी मला असा प्रश्न विचारला की ज्याची मला स्वप्नातही भीती वाटली नव्हती.

"कितव्यांदा?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांच्यासमोर नाही बोलवलं. "तिसऱ्यांदा."

"पहिल्यांदा का ओरडली नाहीस?"

"तुम्हांला वचन दिलं होतं."

"डोळ्यांचं दिलं होतंस," मामा अगदी हळू म्हणाले. "कंदाचं नव्हतं. तू मला राखलंस, तुळसे. या माणसांना कोण राखणार होतं?"

ते रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. सगळ्यांना गोल बसवलं आणि टोपलीत उरलेला एक कळलावीचा कंद हातोहात फिरवला. "हा मी आणला," म्हणाले. "मला दिसत नाही. बहुत वर्षं ओळखतो म्हणोन दुसऱ्याला दाखवला नाही. नीट बघून घ्या." त्यांनी शिकवलेलं ते शेवटचं. माझं नाव त्यात कुठे घेतलं नाही. त्याने मला जास्तच मेल्यासारखं झालं.

सकाळी त्यांना तंजावरला पुतणीकडे न्यायला गाडी आली. पायाला फडकं गुंडाळून मी त्यांची वळकटी घेऊन उभी होते. आमच्यात निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. वळकटी गाडीत ठेवली तशी मी म्हटलं, "मामा, येतो म्हणा." ते म्हणाले, "जातो." मी गाडीमागे चार पावलं लंगडत गेले आणि तिथेच बसून मोठ्यांदा रडले. लाज वाटली नाही.

शाळा त्या वेळी बंद पडली नाही. त्या मोजणीखात्याच्या शिपायाने आणि मी मिळून ती दोन वर्षं रेटली, पुढे कोळ्ळिडमच्या पुरात झोपड्या गेल्या आणि माणसंही पांगली. त्याआधी एकदा मी आगगाडीने तंजावरला जाऊन आले. मामा ओसरीवरच बसले होते. माझ्या पावलांवरून ओळखलं. "तुळसे ना? पाय बरा झाला?" मला इतका आनंद झाला की मी पायरीवरच बसकण मारली. त्यांनी एकेक विचारलं, वेळूला फुटवे आले का, विहीर उपसली का, नवी माणसं कशी आहेत. मी सांगितलं, आता टोपली दोघांनी पाहिल्यावाचून चुलीपाशी येत नाही. "बरं केलंस," म्हणाले. मला वाटलं, मिटलं सगळं.

दुपारी पुतणीने, चंपाने, दोघांची पानं शेजारी शेजारी मांडली. वाढून झालं आणि ती आत गेली. मामांनी हात पुढे केला, तो भाताच्या वर तसाच थांबला. मला कळलं. मी सांगणारच होते, उजवीकडे डाळभाजीचं कूट आहे, डावीकडे लोणचं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडून तोंड वळवून स्वयंपाकघराकडे हाक मारली, "चंपे, पानात काय काय आहे गं?"

चंपा पिठाच्या हातांनी धावत आली आणि एकेका पदार्थाचं नाव सांगायला लागली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग जेवायला सुरुवात केली. मी त्यांच्या शेजारीच बसले होते.